चुलवाण हेही यंत्रच आहे : गुऱ्हाळांच्या प्रश्नावर खुले पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजना राबवणारे अधिकारी, कर्जप्रकरणं तपासणारे बँक अधिकारी आणि गुळाचे सौदे चालवणाऱ्या बाजार समित्यांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

चालू गुऱ्हाळातलं चुलवाण, म्हणजे उसाचा रस आटवायची भट्टी, सुधारून बांधण्यासाठी केलेली अनुदानाची प्रकरणं पुन्हा एकदा परत आली आहेत. शेऱ्यांचे शब्द वेगवेगळे असले तरी अर्थ एकच निघतो. चुलवाण हे बांधकाम आहे, ते यंत्रसामग्रीत बसत नाही आणि प्रस्तावात नवीन तंत्रज्ञान दिसत नाही. हा शेरा आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही ते कार्यालयात तोंडी सांगून झालं, अर्जाला जोडून लेखीही देऊन झालं. आता सगळ्यांसमोर मांडतो आहोत, कारण अडचण चार-दोन प्रकरणांपुरती राहिलेली नाही. वीट, माती, लोखंड आणि माणसाचा हात यांवर चालणाऱ्या धंद्यात सुधारणा कशाला म्हणायचं, हेच एकदा ठरायला हवं.

आम्ही कराड, पाटण, शिराळा आणि वाळवा या पट्ट्यातले गुऱ्हाळवाले, गूळ शिजवणारे गुळवे, चुलवाणं बांधणारे गवंडी आणि काहिली, म्हणजे रस उकळायच्या पसरट कढया, करणारे फॅब्रिकेटर आहोत. आमचं पोट या चुलीवर आहे. साखर कारखान्यांच्या गर्दीत गुऱ्हाळ टिकायचं तर टनामागे चार किलो गूळ जास्त निघाला पाहिजे, सरपण बाहेरून विकत आणावं लागता कामा नये आणि गुळाला पावसाळ्यात पाणी सुटता कामा नये. यातलं काहीच नवी शेड उभारून साधत नाही. ते ऊस पिळायच्या चरकाच्या फटीत, चुलवाणाच्या जाळीत आणि काहिलीच्या बुडात साधतं.

हिशेब मांडून दाखवतो. एका आधणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसाला, १००० किलो धरा आणि रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थाची टक्केवारी) २० धरा. म्हणजे रसात २०० किलो घन पदार्थ आहे आणि मळीतली (रसावर येणाऱ्या गाळातली) घट सोडली तर गूळ उतरणार २१० किलोंच्या आसपास. बाकीचं पावणेआठशे किलोंहून जास्त पाणी वाफ करून उडवायचं आहे. रस उकळीला आणायला आणि एवढं पाणी उडवायला मिळून सुमारे २० लाख किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेलं चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) किलोमागे साधारण १५ ते १६ हजार किलोज्यूल देतं. चुलीतली सगळी आग काहिलीला लागली असती तर १३० किलो चिपाडात आधण उतरलं असतं. साध्या एकेरी, म्हणजे एकाच काहिलीच्या, चुलवाणात मात्र उष्णतेचा पाचवा हिस्साच रसापर्यंत पोचतो. उरलेली धुराड्यातून, चुलीच्या तोंडातून आणि भिंतीतून निघून जाते. म्हणून १३० च्या जागी ६५० किलो लागतं.

हातात किती येतं तेही बघा. चरकाचा उतारा (उसाच्या वजनामागे निघणारा रस) ६० टक्के धरला तर १००० किलो रसाला साडेसोळाशे किलोंच्या वर ऊस घालावा लागतो. मागे ओलं चिपाड राहतं ६५० किलो, पण त्यात निम्मं पाणी. ऊन चांगलं असेल आणि अंगणात पसरून वेळेवर उलथापालथ झाली तर त्याचं वाळून ३८० किलो होतं. आधणामागे २७० किलोंची तूट. ती पाचटाने भरायची, नाहीतर लाकडाने, आणि जिथे दोन्ही मिळत नाही तिथे लोक जुने टायर जाळतात. त्या काळ्या धुराच्या तक्रारी तुमच्याकडे येतात, नोटिसाही निघतात. टायर जाळणं वाईटच आहे, आम्ही त्याचं समर्थन करत नाही. पण नोटिशीने २७० किलोंची तूट भरून निघत नाही. चुलवाणाची क्षमता २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली तर गरज ६५० वरून ४४० किलोंच्या खाली येते आणि उरलेले पन्नास-साठ किलो पाचटावर भागतात. ३५ टक्क्यांवर गेली तर गुऱ्हाळ स्वतःच्या चिपाडावर चालतं.

हे वाढीव टक्के कुठून येतात? जागा ठरलेल्या आहेत. चिपाड नुसतं जमिनीवर जळत असेल तर खालून हवा मिळत नाही आणि राखेत काळं अर्धवट जळलेलं चिपाड राहतं. तिथे बिडाच्या सळयांची जाळी आणि खाली हवेचा व राखेचा खड्डा लागतो. सळयांतली फट मोठी ठेवली तर न जळलेलं चिपाड खाली पडतं, बारीक ठेवली तर राखेची खडी जमून हवा बंद होते. फट किती ठेवायची ते चिपाड किती वाळलं आहे आणि चरक त्याचा किती भुगा करतो यावर ठरतं, म्हणून एकाची जाळी दुसऱ्याकडे जशीच्या तशी चालत नाही. चुलीच्या तोंडाला झडप हवी. जळव्या दर मिनिटाला चिपाड सारतो आणि तोंड सताड उघडं असलं की प्रत्येक वेळी गार हवा आत जाऊन काहिलीखालची आग मरते.

काहिलीखालून निघालेला तप्त धूर थेट धुराड्यात न सोडता दुसऱ्या काहिलीखालून नेला की पुढच्या आधणाचा रस आधीच तापतो. सगळ्यात मोठी बचत इथे आहे, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. दुसऱ्या काहिलीखालून जाताना धूर थंड होतो, थंड धुराला ओढ कमी असते. धुराडं आधीच्याच उंचीचं ठेवलं तर धूर चुलीच्या तोंडातून मागे फिरतो, आग मंदावते आणि आधण तासभर लांबतं. आधण लांबलं की साखर फुटते, गूळ मऊ पडतो आणि रंग काळवंडतो. गुऱ्हाळवाला मग "दुहेरी चुलवाण वाईट" म्हणून ते मोडून टाकतो. दोष दुहेरीचा नसतो. धुराडं वाढवायचं राहिलेलं असतं, किंवा त्यात ओढ कमी-जास्त करायची पट्टी बसवलेली नसते.

काहिलीच्या बुडाला लोखंडी पंख जोडले की आगीला जास्त पृष्ठभाग मिळतो. पण पंख ज्वाळेच्या वाटेला समांतर हवेत. आडवे बसवले तर त्यांच्यामागे काजळी बसते आणि फायदा जातो. वेल्डिंगचा सांधा उलला तर रस चुलीत ठिबकतो. आग थेट लागते तिथे फायर ब्रिक लागते, साधी वीट एका हंगामात तडकते आणि त्या फटीतून गार हवा शिरते. चरकाच्या रोलांची फटही अशीच: शिरतानाची मोठी, बाहेर पडतानाची बारीक, आणि खाचा झिजल्या की दोन्ही पुन्हा लावून घ्यायच्या. उतारा ६० वरून ६५ वर गेला तर टनामागे ५० किलो रस जास्त, म्हणजे २० ब्रिक्सला दहा किलो गूळ.

आता विचारतो, यातलं कोणतं "बांधकाम" आहे? चुलवाण विटा-मातीचं असतं एवढ्यावरून ते बांधकाम ठरत असेल, तर कारखान्याच्या बॉयलरखालची भट्टीही विटांचीच असते. बांधकामाच्या खर्चाला योजनेत मर्यादा आहे, ती शेड आणि गोदामांत पैसा मुरू नये म्हणून. चुलवाणाला ती लावली की ज्या भागात सगळी बचत आहे तोच भाग अनुदानातून गळतो. मग माणूस पैसे मिळतात तिकडे वळतो. पॅकिंगचं यंत्र घेतो, पावडरीचं यंत्र घेतो आणि खाली तेच जुनं चुलवाण टायरवर धडधडत राहतं.

याच अडचणीचं दुसरं टोक म्हणजे कोटेशन. प्रकरणाला जीएसटी क्रमांक असलेल्या पुरवठादाराचं कोटेशन लागतं, छापील माहितीपत्रक लागतं. चुलवाण बांधणारा गवंडी आणि काहील घडवणारा कारागीर यांच्याकडे माहितीपत्रक नसतं. ते जागेवर येतात, वाऱ्याची दिशा बघतात, जमिनीत पाणी किती वर येतं ते विचारतात आणि मग सुतळीने आखणी करतात. त्यांचं काम कागदावर येत नाही म्हणून लांबून आणलेलं तयार यंत्र पात्र ठरतं आणि आमच्या भागातला कारागीर अपात्र. सुधारणा करणारा माणूसच योजनेच्या बाहेर राहिला तर पुढची सुधारणा करणार कोण?

याच जिल्ह्यांचा इतिहास वेगळं सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर वसाहत उभी केली ती लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रावर. नांगर काही जगाला नवा नव्हता, इथल्या जमिनीला आणि इथल्या बैलांना चालेल असा करणं नवं होतं. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी १९व्या शतकात सतार-तंबोऱ्याला हात घातला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हातातलं कसब नव्या कामाला लावणं हीच इथली उद्योजकता. चुलवाणाची जाळी बदलणारा गवंडी त्याच रांगेतला आहे असं आम्ही मानतो.

योजनांच्या व्याख्यांबद्दल थोडं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना २०२० मध्ये आली. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख रुपये. ती चालू असलेल्या, विखुरलेल्या लहान उद्योगांना वर आणण्यासाठीच आखलेली आहे. म्हणजे आमची मागणी योजनेच्या हेतूबाहेरची नाही. स्टार्टअपची मान्यता घ्यावी म्हटलं तर एकल मालकी चालत नाही आणि संस्था दहा वर्षांच्या आतली लागते. वडिलोपार्जित गुऱ्हाळाला तो दरवाजा बंदच आहे. शिल्लक राहते ती ही एक योजना, आणि तिथे "नवीन तंत्रज्ञान नाही" हा शेरा.

बाजार समित्यांशी आमचं वेगळं भांडण आहे. सौद्यात गूळ फोडून बघतात आणि रंगावर बोली लावतात. पिवळाधमक असेल तर भाव, तांबूस असेल तर पडता. हा पिवळा रंग बऱ्याचदा हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट) पावडरीचा असतो. ती काहिलीत टाकली की रंग लगेच उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो आणि साठवणीत रंग पुन्हा काळवंडतो. तोवर माल आडत्याकडून पुढे गेलेला असतो. काही जण काहिलीत साखरही मिसळतात, कारण साखरेने रवा आणि रंग दोन्ही सुधारतात. जो गुऱ्हाळवाला हे करत नाही त्याला रस निवळायला जास्त खटपट असते. रसाचा सामू (पीएच) साधारण ५.२ असतो, तो चुन्याच्या निवळीने सहाच्या थोडा वर आणायचा. चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो, कमी पडला की मऊ राहतो. हजार लिटरला दोन किलो रानभेंडीची खोडं ठेचून, पाण्यात चोळून काढलेला चीक घालायचा. आग मंद ठेवून रस ८० ते ८५ अंशांपर्यंत सावकाश आणायचा, म्हणजे मळी जाड साय धरून वर येते आणि झाऱ्याने अखंड उचलता येते. घाई करून उकळी आणली की ती साय फुटते, मळी रसात परत मिसळते आणि मग कितीही भेंडी घाला, रंग सुधारत नाही. एवढं सगळं नीट केलेला गूळही तांबूस-सोनेरीच होतो, हळदीसारखा पिवळा होत नाही. त्याला सौद्यात कमी भाव मिळतो. म्हणजे प्रामाणिक सुधारणेला बाजारच दंड लावतो.

भर म्हणून कर. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधून, लेबल लावून विकलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी आहे. लेबलाशिवायच्या सुट्या गुळावर नाही. आपलं नाव, तारीख आणि तपासणी छापून एक किलोची ढेप विकणाऱ्याला कर, निनावी विकणाऱ्याला माफी. हा निर्णय तुमच्या हातात नाही हे आम्ही जाणतो, पण वर पाठवायच्या अहवालात ही बाब नोंदवणं तुमच्या हातात आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष गुळव्याकडे आहे. आधणाची शेवटची दहा मिनिटं बघा. काहिलीतला फेस खाली बसतो, बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटताना वाफेचा भपका येतो. गुळवा पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी वळतो. गोळी चिकटली तर अजून वेळ आहे. गोळी कडक होऊन काहिलीच्या काठावर टण्ण वाजली की आधण उतरवायचं, त्याच क्षणी. तापमापक लावला तर तो ११८ अंशांच्या आसपास असतो. काकवी करायची तर १०५-१०६ ला थांबायचं, पावडर करायची तर १२०-१२२ पर्यंत जायचं. एक-दोन अंश कमी पडले तर ढेप पावसाळ्यात पाझरते, फार वर गेला तर पाक करपून कडवट होतो. हे अंश ओळखणारी माणसं म्हातारी होत आहेत आणि नवी पोरं या कामाला येत नाहीत, कारण हंगामी मजुरी सोडून त्यात काही नाही. प्रमाणपत्र नाही, दर्जा नाही, कर्जासाठी पत नाही. दीडशे अंशांपर्यंतचा तापमापक, ब्रिक्स मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणि सामूच्या पट्ट्या एवढी तीन साधनं गुळव्याच्या अंदाजाला आकड्यांची जोड देतात आणि शिकाऊ पोराला दोन हंगामांत तयार करतात. पण ही साधनं इतकी स्वस्त आहेत की कोणत्याही प्रकरणात बसत नाहीत. मोठ्या रकमेचं प्रकरण तुमच्याकडे सरकतं, छोट्या रकमेचं टेबलावरही येत नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. अन्नप्रक्रियेतली भट्टी, चुलवाण, धुराडं आणि काहील यांना लेखी परिपत्रकाने यंत्रसामग्रीत धरा. शेडचा पाया आणि भिंत बांधकामात धरा, त्याला आमची हरकत नाही.

२. स्थानिक गवंडी आणि फॅब्रिकेटर यांचं कोटेशन ग्राह्य धरा. तांत्रिक नकाशा आणि मोजमापांवर अभियंत्याची सही हवी असेल तर ती आम्ही आणू.

३. "नवीन तंत्रज्ञान" याऐवजी "मोजलेली सुधारणा" हा निकष लावा. मोजणी अवघड नाही. जुन्या चुलवाणावर तीन आधणं आणि सुधारलेल्यावर तीन आधणं घ्यायची. प्रत्येक वेळी रसाचं वजन, ब्रिक्स, वाळलेल्या चिपाडाचं वजन व ओलावा, लागलेला वेळ आणि उतरलेल्या गुळाचं वजन नोंदवायचं. किलो गुळामागे किती चिपाड लागलं हा आकडा कमी झाला तर अनुदान द्या, नाही झाला तर देऊ नका. कोल्हापूरचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत. विद्यार्थ्यांना एका हंगामात वीस चुलवाणं मोजायला दिली तर दोन्ही जिल्ह्यांचं चित्र हातात येईल. फसलेल्या चुलवाणांचीही नोंद ठेवा, ती पुढच्या माणसाच्या कामाची आहे.

४. तापमापक, रिफ्रॅक्टोमीटर, वजनकाटा, जाळी, झडप, चरकाचे रोल अशा लहान कामांसाठी वेगळी, सोपी मंजुरी ठेवा. कागद कमी, निर्णय एका महिन्यात.

५. बाजार समित्यांनी सौद्याच्या आवारात गंधकाचा अंश आणि साखरेची भेसळ तपासायची सोय करावी. तपासलेल्या विनारसायन गुळाचा सौदा वेगळ्या ओळीत, वेगळ्या वेळी लावावा आणि भावफलकावर त्याचा भाव वेगळा लिहावा.

६. गुळवा आणि जळव्या यांच्या कसबाची जागेवर परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्या. परीक्षा चुलीसमोर घ्या, वर्गात नको. शिकाऊ मुलांना हंगामभर विद्यावेतन द्या.

७. परत केलेली प्रकरणं नव्या अर्जाशिवाय पुन्हा तपासायला घ्या.

या मागण्यांना एक वेळापत्रक आहे, तेही सांगून ठेवतो. पाडव्याच्या सुमारास गुऱ्हाळं बंद होतात. जुनं चुलवाण पाडून नवं बांधायला एप्रिल आणि मे हे दोनच महिने मिळतात. मातीचा गिलावा उन्हात वाळवावा लागतो, मग आठवडाभर रोज थोडी थोडी आग देऊन आतून सुकवावा लागतो. एकदम मोठी आग दिली तर भिंत तडकते. वळवाचा पाऊस त्यात सापडला तर काम पुन्हा पहिल्यापासून. मंजुरी जूनमध्ये आली तर ती पुढच्या वर्षाची झाली, आणि मधला सगळा हंगाम आधणामागे २७० किलो बाहेरचं सरपण जळणार. म्हणून परिपत्रक मार्चअखेर निघावं. त्याआधी मोजणीसाठी यायचं असेल तर गुऱ्हाळं चालू आहेत, पहाटे चारला पहिलं आधण चढतं. काटा आम्ही ठेवतो, तापमापक तुम्ही आणा.

आपले,
कराड, पाटण, शिराळा व वाळवा तालुक्यांतले गुऱ्हाळवाले, गुळवे, चुलवाणं बांधणारे गवंडी आणि काहिलीचे कारागीर